नाव नसलेल्या ओळी

प्रश्न : मुलगी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सध्या ऑटोकॅड आणि स्केचअप लागतं. पुढच्या वर्षी रेव्हिट आणि लुमियन येईल असं कॉलेजने सांगितलंय. तिचा लॅपटॉप तापून बंद पडतो, म्हणून डेस्कटॉप असेंबल करून घ्यायचा आहे. बजेट मॉनिटरसकट एक लाख. लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानाने हे कोटेशन दिलंय : इंटेल कोअर आय ७-१४७०० एफ, एच ६१० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक कार्ड, आरजीबी कॅबिनेट ४५० वॅट एसएमपीएससकट, २२ इंची एलईडी मॉनिटर, विंडोज आणि सगळी सॉफ्टवेअरं फ्री. घरात २०१५ सालचा पीसी पडून आहे, त्यातलं काही वापरता येईल का? इमारत जुनी आहे आणि आम्ही तळमजल्यावर राहतो.
— एक पालक, मुलुंड

उत्तर : कोटेशन पुन्हा एकदा वाचा, पण किमतींवर हात ठेवून. प्रोसेसरच्या ओळीत कंपनी आहे, मॉडेल आहे, शेवटचं 'एफ' अक्षरसुद्धा आहे. मदरबोर्डला फक्त चिपसेटचा, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपचा नंबर. रॅम, एसएसडी, ग्राफिक कार्ड आणि एसएमपीएसला (सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा) तर नुसते आकडे, जीबी नाहीतर वॅट. गिऱ्हाईक 'आय ५ की आय ७' एवढंच विचारतं हे दुकानदाराला पाठ असतं. त्यामुळे पैसा त्या ओळीत दाखवला जातो आणि जिथे नाव लिहिलेलं नाही तिथून काढून घेतला जातो. हे कोटेशन त्याचा अगदी नमुना आहे.

आय ७-१४७०० एफ वाईट नाही. वीस कोअर आहेत. पण मुलीचं काम बघा. ऑटोकॅड, स्केचअप आणि रेव्हिटमधलं मॉडेल फिरवणं, भिंत हलवणं, व्ह्यू उघडणं ही कामं बहुतांशी एकाच कोअरच्या वेगावर चालतात, बाकीचे कोअर बसून राहतात. लुमियनचं रेंडरिंग, म्हणजे मॉडेलवरून खरं वाटणारं चित्र तयार करणं, ग्राफिक कार्ड करतं. वीसच्या वीस कोअर राबतील ते व्ही-रेसारखं सॉफ्टवेअर प्रोसेसरवर रेंडर करायला लावलं तरच, आणि त्याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. शिवाय हा प्रोसेसर पूर्ण जोरात २१९ वॅटपर्यंत वीज ओढतो. एच ६१० हा त्या पिढीतला सगळ्यात स्वस्त चिपसेट. त्यावरच्या बऱ्याच बोर्डांवर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर हीटसिंकही (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) नसतो. अर्धा तास रेंडर लावलं की तो भाग तापतो आणि बोर्ड प्रोसेसरचा वेग खाली आणतो. नाकापेक्षा मोती जड.

आणखी एक गोष्ट या प्रोसेसरबद्दल माहीत हवी. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले वरच्या श्रेणीचे डेस्कटॉप प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे कायमचे बिघडू शकतात, असं २०२४ मध्ये पुढे आलं. १४७०० एफ त्यात येतो. उपाय बायॉसच्या (मदरबोर्डात भरलेलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटमधून मिळतो, पण आधीच झालेला बिघाड त्याने भरून येत नाही. इंटेलने अशा बॉक्स पॅक प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. 'ट्रे पॅक', म्हणजे बॉक्सशिवाय मिळणाऱ्या मालाला त्याचा भरवसा नाही.

त्याऐवजी एएमडीचा रायझन ५ ७६०० घ्या. सहा कोअर, बारा थ्रेड, ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत वेग, आणि बॉक्समध्ये कूलर येतो. त्याचं सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा, एएम ५. ते २०२७ पर्यंत आणि पुढेही चालू ठेवणार असं एएमडीने जाहीर केलंय. म्हणजे तीन-चार वर्षांनी बोर्ड न बदलता नुसता प्रोसेसर बदलता येईल. इंटेलच्या १४व्या पिढीचं सॉकेट तिथेच संपलं. दुकानदार इंटेलवरच अडून बसला तर आय ५-१४४०० आणि बी ७६० बोर्ड चालेल, फक्त 'एफ' नसलेला. 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही. कार्ड एक दिवस रुसलं तर स्क्रीन काळी, आणि ते नेमकं सबमिशनच्या आदल्या रात्रीच होतं. ७६०० मध्ये छोटं ग्राफिक्स आतच आहे (७५०० एफ मध्ये नाही, तो गळ्यात मारू देऊ नका), आणि तुमच्या बजेटची किल्ली तिथेच आहे.

कारण एक लाखात सगळं एकाच दिवशी बसणार नाही. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत. चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपला माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळवला, त्याची झळ एसएसडीलाही लागली. भाव आठवड्यागणिक हलतात, म्हणून इथे रुपयांचे आकडे मुद्दाम देत नाही. पण क्रम सांगता येतो : आत्ता ग्राफिक कार्ड सोडून सगळं नीट घ्या, आणि लुमियन सुरू होईल तेव्हा कार्ड. तोवर ऑटोकॅड आणि स्केचअपची साधी मॉडेलं ७६०० च्या आतल्या ग्राफिक्सवर निभतात. स्केचअपमध्ये सावल्या बंद ठेवून काम करायचं. कोटेशनमधल्या '४ जीबी ग्राफिक कार्ड'पेक्षा हे बरं, कारण त्या ओळीच्या आड जीटी ७३० सुद्धा असू शकतं. ते २०१४ चं मॉडेल आहे, आणि त्या पिढीतल्या चिपसाठी एनव्हिडियाने नवे ड्रायव्हर काढणं २०२१ मध्येच थांबवलं. कार्डावर किती जीबी मेमरी चिकटवली आहे यावरून त्याचा दम कळत नाही, मॉडेल विचारावं लागतं.

मदरबोर्ड बी ६५० किंवा बी ८५०, मायक्रो एटीएक्स आकाराचा. त्यात चार गोष्टी पाहा : प्रोसेसरच्या बाजूच्या भागावर हीटसिंक, एसएसडीसाठी एम.२ चे दोन स्लॉट, वायफाय, आणि मागच्या बाजूला बायॉस फ्लॅशबॅकचं बटण (यूएसबीवरून बायॉस अपडेट करणारं). वायफाय नसलेला बोर्ड थोडा स्वस्त पडतो, मग यूएसबीचा डोंगल घेऊन ती बचत तिथेच जाते. याहून स्वस्त ए ६२० बोर्डावर ७६०० व्यवस्थित चालतो, पण उद्या वरचा प्रोसेसर बसवायचा म्हटलं की अडचण तिथेच सुरू होते.

आता रॅम, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. १६ जीबी म्हणजे काय? एक १६ ची स्टिक की दोन ८ च्या? कोटेशनमध्ये नाही. एएम ५ वर फक्त डीडीआर ५ चालते, आणि दोन स्टिक लावल्या तरच दोन्ही चॅनल (रॅम आणि प्रोसेसरमधल्या वाटा) वापरात येतात. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते याच रॅमवर जगतं. त्यामुळे कार्ड येईपर्यंत तर दोन स्टिकचा फरक डोळ्यांना दिसेल. 'आत्ता ८ च्या दोन घ्या, नंतर अजून दोन टाका' असा सल्ला मिळेल. डीडीआर ४ च्या काळात तो ठीक होता. एएम ५ वर चारही स्लॉट भरले की मेमरी कंट्रोलरवर ताण येतो. रायझन ७००० साठी चार स्टिकचा अधिकृत वेग ३६०० वर येतो, जिथे दोन स्टिक ६००० ला आरामात चालतात. म्हणून १६ च्या दोन स्टिक, एकाच किटमधल्या, ६००० वेगाच्या, एक्सपो (रॅम पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) लिहिलेल्या. रेव्हिटचं मोठं मॉडेल आणि सोबत ब्राउझर उघडा असला की ३२ जीबी चैन राहत नाही. भाव ऐकून अगदीच हात आखडला तर १६ ची एकच स्टिक घ्या आणि पुढे त्याच मॉडेलची दुसरी. ८ च्या दोन मात्र नको, त्या एक दिवस काढूनच टाकाव्या लागतील.

एसएसडी १ टीबी, एनव्हीएमई (वेगवान प्रकारची), चौथ्या पिढीची. 'एम.२' हा फक्त आकार आहे. त्याच आकारात साटा एसएसडीही मिळते आणि ती सेकंदाला साधारण ५५० एमबीवर थांबते. चौथ्या पिढीची एनव्हीएमई ५००० ते ७००० पर्यंत जाते. आतली मेमरी टीएलसी प्रकारची हवी. क्यूएलसी स्वस्त असते, पण मोठी फाइल कॉपी करताना मध्येच तिचा वेग कोसळतो. ५१२ जीबी मात्र एका वर्षात भरेल.

आता एसएमपीएस. कॅबिनेटसोबत 'फ्री' आलेला एसएमपीएस घेऊ नका, एवढं एक वाक्य तुम्ही पाळलंत तरी हे उत्तर वसूल झालं. त्याच्या स्टिकरवर ४५० लिहिलेलं असतं, पण प्रोसेसर आणि कार्ड चालतात १२ व्होल्टच्या लाइनवर. स्टिकरवरच्या तक्त्यात १२ व्होल्टखालचे अँपिअर पाहा आणि १२ ने गुणा. तिथे १८ अँपिअर असतील तर खरी ताकद २१६ वॅट. नावाजलेल्या कंपनीच्या ६५० वॅटच्या एसएमपीएसवर तिथे ५४ च्या आसपास आकडा दिसतो. तुमचा हिशोब असा : ७६०० जास्तीत जास्त ८८ वॅट, पुढे येणारं कार्ड १४५ ते १८०, बोर्ड, रॅम आणि पंखे मिळून पन्नास-साठ. म्हणजे साधारण सव्वातीनशे. मग ६५० कशाला? कार्ड क्षणभर ठरलेल्यापेक्षा जास्त ओढतं म्हणून, आणि अर्ध्या भारावर एसएमपीएस थंड आणि शांत चालतो म्हणूनही. ८० प्लस ब्राँझ पुरे, गोल्ड मिळालं तर उत्तम. पण हा शिक्का फक्त किती वीज वाया जाते ते सांगतो. शॉर्ट सर्किट झालं तर एसएमपीएस स्वतः बंद होऊन बाकीचे पार्ट वाचवेल का, ते त्यावरून कळत नाही. ते कंपनीच्या नावावर आणि पाच वर्षांच्या वॉरंटीवर जोखायचं. कार्डासाठी ८ पिनची केबल मुळातच हवी. मोलेक्सला कन्व्हर्टर लावून काढलेली नको, ती वितळते.

याला जोडूनच तुमच्या जुन्या इमारतीचा मुद्दा. कॅबिनेटच्या धातूला हात लावल्यावर बोटाला चुरचुरलं, तर आधी दुकानदाराला दोष देऊ नका. एसएमपीएसच्या आत विजेतला खरखराट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, त्यांचा रस्ता अर्थिंगमध्ये जातो. अर्थिंगच नसेल तर कॅबिनेटवर साधारण निम्मा व्होल्टेज येऊन बसतो. करंट अगदी थोडा, पण चिन्ह वाईट. इलेक्ट्रिशियनला मीटर घेऊन बोलवा, टेस्टरच्या दिव्यावर भागवू नका. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढंच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्ट असं यायला हवं. जुन्या घरांत काही महाभाग सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. मीटरवर सगळं झकास दिसतं, पण न्यूट्रल तुटला की कॅबिनेटवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. सॉकेट उघडून ते पाहायला सांगा. अर्थिंग झाल्यावरच यूपीएसचा विचार. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, कार्ड आल्यावर रेंडरच्या वेळी तो चीं-चीं करत बसेल. घेणारच असाल तर १ केव्हीएचा घ्या, नाहीतर सध्या राहू द्या.

तळमजला आहे, तेव्हा पीसी जमिनीवर नको. टेबलावर किंवा निदान दीड फुटाच्या स्टँडवर. एक्स्टेन्शन बोर्डही भिंतीवर वर चढवा. लोक कॅबिनेट उचलून ठेवतात आणि बोर्ड मात्र पावसाच्या पाण्याच्या वाटेत सोडतात. कॅबिनेटची पुढची बाजू जाळीची हवी, काचेची नको. उन्हाळ्यात खोलीच ३३-३४ अंशांवर असते, काचेमागचे आरजीबी पंखे हवा ओढणार कुठून? पुढे दोन पंखे आत हवा घेणारे, मागे एक बाहेर फेकणारा. पावसाळ्यात पीसी आठवडाभर बंद राहू देऊ नका, रोज थोडा वेळ चालला की आतली दमट हवा बाहेर पडते. प्लास्टिकचं कव्हर नको. दर तीन महिन्यांनी धूळ काढा, आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

जुन्या पीसीतलं काय वापरता येईल? कीबोर्ड, माउस, आणि हार्ड डिस्क फक्त बॅकअपसाठी. रॅमची खाच वेगळी असल्यामुळे ती बसणारच नाही. एसएमपीएस दहा वर्षांचा, त्याला निरोप द्या. त्याच्या केबलीही नव्यात लावू नका. प्लग बसतो, पण आतल्या पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते आणि एसएसडी किंवा डिस्क जळते. जुन्या मॉनिटरला एचडीएमआय असेल तर दुसरी स्क्रीन म्हणून ठेवा. नुसतं व्हीजीए असेल तर कन्व्हर्टर लागेल. नवा मॉनिटर २४ इंची, आयपीएस पॅनलचा, एसआरजीबी रंग जवळपास पूर्ण दाखवणारा. शीटवरचा विटेचा रंग प्रिंटमध्ये वेगळा आला की ज्युरीसमोर बोलणी मुलीला बसतात.

आता 'विंडोज आणि सगळी सॉफ्टवेअरं फ्री'. म्हणजे क्रॅक, आणि तो चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद केलेला. विंडोज ११ ची यूएसबी घरी बनवा आणि इन्स्टॉल करताना 'माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही' हा पर्याय निवडा. वॉलपेपर बदलता येणार नाही, कोपऱ्यात सूचना दिसत राहील, बाकी काम चालतं. की सवडीने घ्या. ऑटोकॅड आणि रेव्हिट ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना फुकट देतं, कॉलेजचा पुरावा अपलोड करावा लागतो आणि दरवर्षी नूतनीकरण करायचं. क्रॅकची गरजच नाही.

खरेदीला रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. नवं कोटेशन मागताना प्रत्येक ओळीत कंपनी आणि पूर्ण मॉडेल लिहून घ्या, मग तीन दुकानांत तीच यादी फिरवा. यादी एक असेल तरच भाव पडतो. प्रत्येक दुकान वेगळा माल सांगत असेल तर तुलना कशाची करणार? बिल जीएसटीचं, पक्कं, प्रत्येक पार्टच्या सीरियल नंबरसह. 'बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील' हे ऐकायला गोड, पण वॉरंटीच्या वेळी सर्व्हिस सेंटर पहिलं बिलच मागतं. बॉक्स फोडण्याआधी त्यावरचा नंबर आणि पार्टवरचा नंबर जुळवा. एएम ५ मध्ये पिना प्रोसेसरला नसून बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात. त्यावरचं काळं प्लास्टिकचं झाकण जपून ठेवा, बोर्ड वॉरंटीत द्यायचा झाला तर ते लागतं.

असेंबल होताना शेजारी उभे राहा. रॅम प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. कूलरखाली पारदर्शक फिल्म असेल तर ती काढली का ते पाहा. ती विसरली जाते आणि प्रोसेसर मिनिटभरात ९५ अंशांवर जातो. पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळीच राहील. डीडीआर ५ ची बोर्डाशी जुळणी चालू असते, घाबरून स्विच बंद करू नका. मग बायॉस अपडेट करून एक्सपो चालू करा. हे राहिलं तर ६००० चे पैसे मोजून रॅम ४८०० वर धावते आणि वर्षभर कोणाला पत्ता लागत नाही. दुकानातल्या चाचणीच्या विंडोजवर टास्क मॅनेजर उघडून रॅमचा वेग आणि किती स्लॉट वापरात आहेत ते बघा. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडीचे 'पॉवर ऑन अवर्स' शून्य-एक असायला हवेत; तीन आकडी दिसले तर ती कुणाच्या तरी पीसीतून निघालेली आहे, तिथेच परत करा. शेवटी दहा मिनिटं सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण राबवणारी चाचणी) लावा. सोबतच्या कूलरवर प्रोसेसर नव्वदीकडे गेला तरी चिंता नाही, त्याची मर्यादा ९५ आहे. घरी आवाज खुपायला लागला तर १२० एमएमच्या पंख्याचा टॉवर कूलर नंतर लावता येतो.

घरी नेताना संध्याकाळची गर्दी टाळा. काचेची बाजू असलेलं कॅबिनेट घेऊन दादरला गाडी बदलणं हा धाडसी प्रकार आहे. दुपारी निघा, नाहीतर सरळ टॅक्सी करा.

पुढच्या वर्षी कार्ड घ्याल तेव्हा आरटीएक्स ५०६० पासून सुरुवात करा. जमलं तर ५०६० टीआय, पण १६ जीबीवालं. त्याच नावाने ८ जीबीचंही मिळतं, आणि झाडं-माणसं भरलेला लुमियनचा सीन ८ जीबीत मावला नाही की सगळं रखडतं. कॅबिनेटमध्ये आतून किती लांबीचं कार्ड बसतं ते टेपने मोजून जा. क्रिप्टोच्या मायनिंगमध्ये राबलेली जुनी कार्डं स्वस्तात मिळतील, तिकडे पाहू नका. आणि कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल मदरबोर्डावरून काढून कार्डाच्या मागे लावायला मुलीला सांगा. ती तशीच राहिली तर स्क्रीनवर चित्र येत राहील, फक्त नवं कार्ड आत नुसतं बसून असेल.